पहिलीतल्या हुशार मुलासाठी घरचे प्रकल्प: सुरुवात कुठून करायची, कुठे थांबायचं

माझी लेक पहिलीत गेली तेव्हा तिला वाचता येत होतं. दुकानांच्या पाट्या, एसटीवरची गावांची नावं, बिस्किटाच्या पुड्यावरची किंमत, दिसेल ते वाचायची. शाळेत वर्ग अक्षरओळखीपाशी होता, आणि तो तिथेच असायला हवा होता. पंधरा दिवसांनी ती म्हणाली, "आई, शाळेत मला काही कामच नसतं."

मग आम्ही बहुतेक घरांत होतं तेच केलं. दुसरीची पुस्तकं आणली. गणपतीपर्यंत दुसरीचं गणित संपलं, दिवाळीला तिसरीचं सुरू झालं. नातेवाइकांत कौतुक झालं. आणि एका संध्याकाळी हातच्याची एक वजाबाकी चुकली, मी लाल पेनाने गोल केला, तर तिने पान फाडलं, वही भिरकावली आणि तासभर रडली. त्या दिवशी लक्षात आलं की आपण हिला पुढचे धडे दिले, पण अडखळायची संधी एकदाही दिली नाही. सगळं पहिल्या फटक्यात जमणाऱ्या मुलाला न जमण्याची सवयच नसते.

त्यानंतर पुस्तकं कपाटात गेली आणि हाताने करायची कामं आली. ती आता तिसरीत आहे. मधल्या काळात आमच्या नाशिकच्या इमारतीतली आणखी चार-पाच मुलंही शनिवारी येऊ लागली. काय चाललं, काय फसलं, सामान कुठून आणायचं, हे खाली क्रमाने लिहिते आहे. तुमच्या घरी असं मूल असेल तर पहिले सहा महिने तुम्ही आमच्यासारखे वाया घालवू नयेत, एवढ्यासाठी.

सुरू करण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. अशा मुलाचं डोकं नऊ वर्षांचं असेल, पण बोटं सहाचीच असतात, आणि दमल्यावर येणारं रडू चार वर्षांच्या मुलाचं असतं. तिन्ही एकाच वेळी, एकाच मुलात. त्याला पूल कसा उभा राहतो हे समजतं, पण कात्री सरळ चालत नाही, आणि त्या दोहोंमधल्या अंतराचा त्याला राग येतो. म्हणून विचाराला भरपूर वाव असलेला आणि हाताला झेपणारा असा प्रकल्प निवडायचा. शंभर प्रकल्पांच्या याद्या मिळतात, त्यातले निम्मे या एका चाळणीत गळून पडतात.

१. पहिला आठवडा नुसतं ऐका

काहीही आणू नका, काहीही करू नका. एक छोटी वही स्वयंपाकघरात टांगा आणि मूल दिवसभरात जे प्रश्न विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. उत्तर द्यायचं असेल तर द्या, पण आधी लिहा.

आमच्या वहीतले पहिल्या आठवड्याचे काही प्रश्न: "किती पाऊस पडला हे पेपरवाल्यांना कसं कळतं?" "सावली लांब होते तेव्हा आपण लांब होतो का?" "आठ पडायला एवढा वेळ का लागतो?" (हा चल्लस आठ हा कवड्यांचा खेळ खेळतानाचा.) "देव झोपतो का?" "मुंग्यांना रस्ता कोण सांगतं?"

आठवड्याच्या शेवटी शांतपणे बसून हे प्रश्न चाळा. हाताने, घरात, आठ-पंधरा दिवसांत ज्याचा माग काढता येईल तो प्रश्न उचला. देवाच्या झोपेवर गप्पा मारता येतात, प्रकल्प करता येत नाही. "का"ने सुरू होणारे प्रश्न सहा वर्षांच्या मुलासाठी बहुधा जड जातात. त्यांना "किती", "कुठलं आधी", "असं केलं तर काय होईल" असं वळण द्या. "मटकीला मोड का येतात" याऐवजी "मटकी, मूग आणि हरभरे एकाच वेळी भिजवले तर आधी मोड कुणाला?" हे झालं की काम सुरू करता येतं.

२. सामान गोळा करा

बाजारात विज्ञान किटचे चकचकीत खोके मिळतात. आम्हीही दोन घेतले. त्यात प्रत्येक तुकडा आधीच कापलेला असतो, सूचनापत्रक असतं आणि शेवटी काय तयार होणार याचं चित्र खोक्यावरच छापलेलं असतं. मुलाने विचार करायला त्यात जागाच राहत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम केलं ते आसपास मिळणाऱ्या वस्तू साधन म्हणून वापरून. तोच धागा धरा.

घरात हवं ते असं:

- कोरी, जाड पानांची वही. रेघा नकोत. हीच नोंदवही.
- आलेखवही, चौकोन मोठे असलेली.
- शिंप्याची टेप आणि मिलिमीटरच्या खुणा ठळक असलेली पट्टी.
- बोथट टोकाची, पण नीट धार असलेली कात्री. धार नसलेली कात्री मुलाला रडवते.
- सुतळी, खडू, चिकटपट्टी, घरी केलेली खळ.
- चिंचोके, मूठभर.
- सरळ उभ्या बाजूंची प्लास्टिकची बाटली, आणि सरळ उभ्या कडांचे दोन डबे, एक अरुंद, एक रुंद.
- काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह ट्यूब, एक-दोन मीटर.
- जुने खोके. पार्सलचे पुठ्ठे फेकू नका.

घरात रांगतं भावंड असेल तर चिंचोके आणि काड्या झाकणाच्या डब्यात, उंचावर. यात हयगय नको.

३. पहिला प्रकल्प: पाऊस मोजणं

शाळा जूनमध्ये सुरू होते आणि पाऊसही, त्यामुळे सुरुवातीला यासारखं दुसरं काम नाही. साधन तासाभरात होतं आणि काम चार महिने चालतं.

बाटली वरून जिथे निमुळती व्हायला लागते तिथे आडवी कापा. हे कापणं मोठ्या माणसाचं, कडा चिकटपट्टीने झाकायच्या. वरचा तुकडा झाकण काढून उलटा, नरसाळ्यासारखा खालच्या भागात बसवायचा, म्हणजे पाणी उडून जात नाही. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून तळाशी थोडे खडे टाका आणि जिथून बाजू सरळ सुरू होतात तिथपर्यंत पाणी भरा. ती रेघ म्हणजे शून्य. तिथून वर मिलिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी मारायची. भिंत, झाड, छप्पर यांपासून लांब, उघड्यावर ठेवायचं आणि आजूबाजूला विटा लावायच्या, नाहीतर वाऱ्याने कलंडतं.

मोजायची वेळ ठरलेली हवी. हवामान खातं दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं. आम्हीही तीच वेळ धरली. तुमची शाळा सकाळची असेल तर सात धरा, पण मग रोज सातच. मोजून झालं की शून्याच्या रेघेपर्यंत पाणी ओतून टाकायचं.

आता एक प्रसंग. पट्टी चिकटवायचं काम लेकीचं होतं. तिने ती उलटी चिकटवली, शून्य वर आणि शंभर खाली. तिच्या बाबांचा हात लगेच पुढे गेला. मी त्यांना डोळ्यांनी थांबवलं. पहिल्या दिवशी थोडा पाऊस, आकडा ९६. दुसऱ्या दिवशी रात्रभर कोसळला, आकडा ७१. ती बाटलीपुढे उकिडवी बसून राहिली, बराच वेळ. मग आत येऊन म्हणाली, "जास्त पाऊस पडला तर आकडा कमी कसा?" आणि अर्ध्या मिनिटाने, आमच्यापैकी कुणी काही बोलायच्या आत, "पट्टी उलटी आहे!" रडली नाही. धावत जाऊन पट्टी सोलली आणि नवी लावली. वजाबाकीच्या पानावर तिला जी चूक सहन झाली नव्हती, ती इथे तिने स्वतः शोधली होती, म्हणून ती तिची झाली. आम्ही पहिल्या दिवशी पट्टी सरळ करून दिली असती तर हातात आला असता एक नीटनेटका पर्जन्यमापक, बाकी काही नाही.

हुशार मुलासाठी खरी मेजवानी यानंतर आहे. विचारा: रुंद डबा ठेवला तर त्यात पाणी जास्त उंच चढेल का? बहुतेक मुलं "हो" म्हणतात, पुष्कळ मोठी माणसंही म्हणतात. सरळ कडांचे दोन डबे शेजारी ठेवा, एक अरुंद, एक रुंद. पावसानंतर दोन्हींत पट्टी बुडवा. उंची सारखीच येते. रुंद डब्यात पाणी जास्त असतं, पण ते पसरलेलंही जास्त असतं. आमच्या मुलांचा विश्वास बसेना. चार वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळे डबे घेऊन पुन्हा केलं. एकाने कढई ठेवली आणि ती का चालत नाही यावर वाद झाला. असा वाद झाला की प्रकल्प चांगला चाललाय असं समजा.

मूल आणखी पुढे जायला तयार असेल तर सांगा की एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. खडूने गच्चीवर चौरस मीटर आखा आणि पुढचं त्याच्यावर सोडा.

नोंद ठेवताना आकड्यांच्या आधी कागदाच्या पट्ट्या ठेवा. रोजच्या पावसाच्या उंचीएवढी निळी पट्टी कापायची आणि दारामागे तारखेवार ओळीने चिकटवायची. पाऊस नसेल त्या दिवशी नुसती तारीख. महिन्याभरात आलेख आपोआप उभा राहतो, तोही शब्द न शिकवता. वर्तमानपत्रातल्या आकड्याशी ताडून पाहा. तो जुळत नाही, कारण त्यांचं यंत्र दुसरीकडे असतं आणि पाऊस गल्लीगणिक वेगळा पडतो. "मग आपला चुकला का?" यावर घाईने उत्तर देऊ नका.

४. चल्लस आठ: खेळातलं गणित

आजीला विचारा, तिला पट आखता येत असेल. पाच गुणिले पाच घरांचा चौकोन, चार कवड्या किंवा चिंचोके. चिंचोके असतील तर खरखरीत फरशीवर एका बाजूने घासायचे. वरचं तपकिरी साल जातं आणि पांढरं दिसू लागतं. घासायला वेळ लागतो, बोटं दुखतात, पण मुलांना हे काम फार आवडतं.

चार चिंचोके टाकायचे आणि पांढऱ्या बाजू मोजायच्या. एक, दोन, तीन तसेच. चारही पांढऱ्या म्हणजे चार, तेच चल्लस. एकही पांढरी नाही म्हणजे आठ. बाकी नियम घरोघरी बदलतात. तुमच्या घरचे धरा.

आठवडाभर नुसतं खेळा. मग विचारा: सगळ्यात जास्त वेळा काय पडतं? आधी अंदाज वहीत लिहायचा, मग पन्नास वेळा टाकायचं, प्रत्येक वेळी एक उभी रेघ, पाचवी आडवी. अंदाज आधी लिहून घेणं फार महत्त्वाचं आहे. हुशार मुलं उत्तर कळल्यावर "मला माहीतच होतं" म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच तसं वाटतं. लिहिलेला अंदाज समोर असला की त्यांना आपलं मत बदललेलं दिसतं.

बहुधा दोन जास्त वेळा पडतात, चल्लस आणि आठ क्वचित. का, हे शोधायला चार चिंचोक्यांच्या पाठीवर वेगवेगळ्या रंगांचे ठिपके द्या आणि सांगा, हे चौघे किती वेगवेगळ्या तऱ्हांनी पडू शकतात ते मांडून दाखव. प्रत्येक तऱ्हा आलेखवहीत रंगवायची. एकूण १६ निघतात. त्यांतल्या ६ तऱ्हांमध्ये दोन पांढऱ्या, ४ मध्ये एक, ४ मध्ये तीन, आणि चल्लस नि आठ यांची प्रत्येकी एकच. लेकीला पहिल्या दिवशी १४ सापडल्या आणि ती म्हणाली, संपल्या. मी "बरं" म्हटलं. दोन दिवसांनी जेवताना मध्येच उठली आणि पंधरावी रंगवून आली. सोळावी सापडायला पुढचा शनिवार लागला. उत्तर जिभेवर आलेलं असताना आठवडाभर गिळून बसणं पालकाला जड जातं, पण या सगळ्या उद्योगात तुमचं मुख्य काम तेच आहे.

एक सावधगिरी. घासलेले चिंचोके दोन्ही बाजूंना सारखे पडत नाहीत, त्यामुळे पन्नास वेळांचे आकडे १६ च्या हिशोबाशी तंतोतंत जुळणार नाहीत. जुळवायला जाऊ नका. मुलाच्या ते लक्षात आलं तर कवड्यांनी करून पाहू द्या, मग नाण्यांनी.

यानंतर मुलाला स्वतःचा पट करायला सांगा, स्वतःचे नियम लिहून. नियम अपुरे असतात, खेळ अडकतो, भांडण होतं, नियम बदलावा लागतो. मधूनच मूल हरतं आणि पट उधळून देतं. उधळू द्या, दहा मिनिटांनी गोळा करायला लावा, आणि त्याच दिवशी पुन्हा खेळायचा हट्ट धरू नका.

५. सावलीचं घड्याळ

मातीने भरलेल्या कुंडीत सरळ काठी रोवा, गच्चीवर ठेवा, आणि दर तासाला सावलीच्या टोकाशी खडूने खूण करून वेळ लिहा. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे दर वेळी बजावा.

इथला सापळा असा: सगळे सांगतात, दुपारी बाराला सावली सगळ्यात लहान. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी तसं होत नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. नाशिक-पुण्याकडे सूर्य सगळ्यात उंच यायला ऋतूप्रमाणे सव्वाबारा ते पाऊण वाजतो. म्हणून बारा ते एकमध्ये दर पाच मिनिटांनी खूण करा आणि सगळ्यात आखूड कुठली ते मुलाला शोधू द्या. घड्याळ आणि सूर्य यांचं जमत नाही हे कळल्यावरचा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

मेच्या सुट्टीत आणखी एक संधी असते. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. कोल्हापूरला ६-७ मे, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे, नाशिकला २० मे, नागपूरला २६ मेच्या आसपास. दुसरी वेळ जुलै-ऑगस्टमध्ये असते, पण तेव्हा ढग असतात. काठीऐवजी उभा पेला ठेवला तरी छान दिसतं.

६. काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब

टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी हे साधन हजारो शिक्षकांपर्यंत पोचवलं. काड्यांचं गूल आधी मोठ्या माणसाने खरवडून काढायचं. व्हॉल्व्ह ट्यूबचे दीड सेंटिमीटरचे तुकडे करायचे आणि तुकड्याच्या दोन्ही टोकांतून एकेक काडी सरकवायची. झाला सांधा.

तीन काड्यांचा त्रिकोण करा, चार काड्यांचा चौकोन. दोन्ही बोटाने दाबा. चौकोन लगेच तिरपा होतो, त्रिकोण हलत नाही. एवढं दाखवून बाजूला व्हा. मग चौकोन घट्ट करून दाखव म्हणा. तिरपी काडी घालायची कल्पना बहुतेक मुलांना पाच-दहा मिनिटांत सुचते, फक्त ती काडी आखूड पडते, आणि पुढचा शोध तिथून सुरू होतो. घरी जाताना विजेचे मनोरे, रेल्वेचे पूल, मांडवाचे बांबू दाखवा.

सहा वर्षांच्या बोटांना काडी ट्यूबमध्ये घालणं अवघड जातं. टोक ओलं केलं की सरकते. पहिले दहा सांधे तुम्ही करून ठेवले तरी चालेल. इथे मदत केल्याने विचार हिरावला जात नाही.

७. ठिपक्यांची रांगोळी

थोडक्यात सांगते, कारण हे घरात कुणाला तरी येतच असतं. एक, तीन, पाच, सात, पाच, तीन, एक असे ठिपके मांडले तर एकूण २५. सात ते चारच्या रांगोळीत मधली ओळ सातची, दोन्हीकडे सहा, पाच, चार: एकूण ३७. एकेक न मोजता पटकन कसं मोजशील, एवढाच प्रश्न. प्रत्येक मुलाची युक्ती वेगळी निघते, आणि ती त्याने इतरांना समजावून सांगायची. मग अर्धी रांगोळी तुम्ही काढा, उरलेली अर्धी आरसा धरून त्याने.

८. आजीची मापं आणि आजीचं पुस्तक

आकड्यांत रमणाऱ्या मुलाला गोष्टींकडे आणायचा आमचा मार्ग हा. आजीला प्रश्न विचारायचे: तुझ्या लहानपणी घरात कुठली वस्तू होती, जी आता नाही? आमच्याकडे उत्तर आलं, मापटं. मग माळ्यावरून खरंच एक पितळी मापटं निघालं. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. मग एका पायलीत चिपटी किती? लेकीने तांदूळ ओतून मोजायला सुरुवात केली, सहाव्या चिपट्याला थांबली, बोटांवर काहीतरी केलं आणि "सोळा" म्हणाली. चिंचोक्यांचेही सोळाच आले होते, हे तिनेच मला दाखवलं. दोन्हीकडे दुप्पट-दुप्पट होत जातं, इतपत ती पोचली. मी पुढे ढकललं नाही.

पुस्तक असं करा: ए-फोर कागद तीनदा अर्धा दुमडा, उघडल्यावर आठ चौकोन दिसतील. मधल्या घडीवर मधल्या दोन चौकोनांएवढी चीर द्या, लांबीत दुमडून दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला, पानं मिटा. आठ पानांचं पुस्तक तयार. मुलाला सांगायचं भरपूर असतं आणि लिहायचा वेग कमी. म्हणून त्याने सांगावं, तुम्ही त्याच्याच शब्दांत लिहावं, व्याकरण न सुधारता. चित्रं आणि प्रत्येक पानावरचं एक वाक्य मात्र त्याच्या हातचं. इथे अक्षर काढण्याची शिक्षा केली की गोष्टच आटते.

९. वेळ आणि मोडायचा बेत

शनिवारी चाळीस मिनिटं, आणि रोज पाच मिनिटांची एखादी नोंद. एवढं पुरतं. मूल रंगलेलं असताना थांबलात तर पुढच्या शनिवारी ते दारात उभं असतं.

प्रत्येक प्रकल्पात एक पायरी अशी ठेवा जी पहिल्यांदा फसेलच. कागदाचा पूल घ्या: दोन पुस्तकांच्या मधे सपाट कागद ठेवला तर दोन-तीन नाण्यांनी वाकतो, पंख्यासारख्या घड्या घातल्या की कितीतरी जास्त पेलतो. मुलांना आधीच सांगायचं, "आज तीन पूल पाडायचे आहेत, चौथा उभा राहतोय का बघू." पाडणं हेच काम असलं की पडल्याचं रडू येत नाही. आमच्या घरी सगळ्यात मोठा फरक या एका वाक्याने पडला.

१०. शाळेत कसं बोलायचं

"आमच्या मुलाला वर्गात कंटाळा येतो" असं म्हणू नका. शिक्षकांना ते आरोपासारखं वाटतं. प्राथमिक शाळेत कायद्याचं प्रमाणच तीस मुलांमागे एक शिक्षक असं आहे. आपलं मूल त्या तिसांतलं एक. नोंदवही सोबत न्या, दोन पानं दाखवा आणि एक छोटी गोष्ट मागा: काम लवकर संपलं तर त्याने स्वतःची वही काढली तर चालेल का? आम्ही पहिल्या भेटीत भली मोठी यादी नेली होती, त्यातून काही झालं नाही. दुसऱ्या वेळी हीच एक गोष्ट मागितली, लगेच मिळाली. पुढे बाईंनी होऊन पर्जन्यमापक वर्गाला दाखवायला बोलावलं.

११. आम्ही पडलो ते खड्डे

पाहुण्यांपुढे पाढे म्हणायला लावणं बंद करा. मुलाला वाटू लागतं की आपलं प्रेम याच्यावर टांगलेलं आहे.

"किती हुशार आहेस" ऐवजी जे पाहिलंत ते सांगा: "दोन दिवसांनी उठून पंधरावी शोधलीस." मुलाला नेमकं काय केलं ते कळतं.

फोटोसाठी प्रकल्प नीटनेटका करू नका. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा म्हणून मी एकदा दारामागच्या पट्ट्या सरळ करून लावल्या. तारखा हलल्या आणि लेक दोन दिवस बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

सहाव्या वर्षी बुद्ध्यांक चाचणीच्या मागे लागू नका. या वयात मूल त्या दिवशी कसं आहे यावर आकडा हलतो. बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा विचार आपल्याकडे नवा नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ मध्ये त्यासाठीच सुरू झाली. पण तिच्या प्रशालेतही प्रवेश पाचवीपासून आहे. पहिली-दुसरीचं काम घरी आणि वर्गातच करायचं आहे. मात्र झोप उडाली असेल, शाळेत जायच्या नावाने पोटात दुखत असेल, चुकल्यावर मूल स्वतःला मारून घेत असेल, तर वाट न पाहता बालमानसतज्ज्ञांकडे जा.

सगळ्या मुलांना एकत्र बसवताना जोड्या वयाने लावू नका. ज्याचे हात चपळ आहेत आणि ज्याचं डोकं पुढे पळतं, अशा दोघांना एकत्र बसवा.

१२. अर्धवट राहिलेल्याचं काय

बरेच प्रकल्प अर्ध्यात सुटतील. ते फेकू नका आणि पूर्ण करायचा आग्रहही धरू नका. एक मोठा खोका ठेवा, प्रत्येक वस्तूला तारखेची चिठ्ठी लावा आणि आत टाका. सुट्टी लागली की खोका मधोमध उघडायचा. आमच्याकडे पहिलीत सोडून दिलेला काड्यांचा मनोरा दुसरीच्या दिवाळीत बाहेर आला आणि एका दुपारीत उभा राहिला, कारण मधल्या काळात बोटं मोठी झाली होती.

चिंचोके ठेवण्याआधी दोन दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर पावसाळ्यात भुंगा लागतो. आणि निळ्या पट्ट्या दारावरून काढताना महिन्याप्रमाणे पाकिटात घाला. मागच्या जूनमध्ये लेकीने दोन्ही वर्षांच्या जूनच्या पट्ट्या फरशीवर एकाखाली एक मांडल्या, बराच वेळ बघत बसली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन टांगलेल्या वहीत स्वतःच्या हाताने पुढचा प्रश्न लिहिला: "मागच्या वर्षीचा पाऊस कुठे गेला?"